लाल दोऱ्याचा तक्ता

निरोप समारंभात रडायचं असतं हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून आमचे मुख्याध्यापक रुमाल हातात घेऊनच भाषणाला उभे राहिले. बाईंची शिस्त झाली, बाईंचे तक्ते झाले, बाईंच्या हाताखालून गेलेली पोरं झाली. शेवटी रुमाल डोळ्यांकडे नेत ते म्हणाले, "बाई या शाळेला आईसारख्या होत्या."

टाळ्या पडल्या. बाई खुर्चीतून उठल्या. शाल घ्यायला उठल्या असं समजून सरपंच शाल उलगडत पुढं झाले. बाईंनी त्यांना हातानं थांबवलं.

"सर, ते सोडवा आधी."

"काय सोडवू?" मुख्याध्यापक म्हणाले.

"आता बांधलं ते. तुमची आई हाये ना?"

"हाये की. घरी हाये."

"मंग तिले कायले माह्या गळ्यात बांधता? म्हणा, बाई बाई आहे. आई आई आहे."

मंडपात मी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि खरं सांगायचं तर मला फार मजा येत होती. मुख्याध्यापकांनी एकदा सरपंचांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि माईकमधून खालच्या आवाजात म्हणाले, "बाई बाई आहे. आई आई आहे." मग बाईंनी शाल घेतली, नारळ घेतला, आणि जिलेबी खाऊन घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "काल दुपारी आईले घरी एकदम घेरी आली म्हणे. भिंतीले धरून बसली. मंग आपोआप गेली."

"किती वाजता?"

"आपण जिलेबी खात होतो तवा बरी झाली होती."

मी हसलो. ते हसले नाहीत.

ही आमची बाई. रिसोड तालुक्यात, केनवडच्या पलीकडं, तीन खोल्यांची आमची शाळा. माझी बदली तिथं झाली तेव्हा तिसरी आणि चौथी बाईंकडे होती. अंगानं उंच आणि रुंद, पायात बारा महिने काळे प्लॅस्टिकचे बूट, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत कात्री. पोरांनी 'मॅडम' म्हटलं की त्या मागं वळून बघायच्या, दुसरं कोणी आलं का म्हणून. त्यामुळे सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं.

उपमा, अतिशयोक्ती, निर्जीव वस्तूला माणूस करून बोलणं, हे सगळं लहान पोरांना शिकवण्यात बाईंचा हात धरणारा कोणी नव्हता. आणि बाईंच्या स्वतःच्या बोलण्यात एक उपमा सापडायची नाही. चहा कसा झाला विचारलं तर "गोड." ऊन कसं आहे, तर "लय हाये." मी दोन वर्षं कान लावून बसलो होतो, एक दिवस तरी पकडीन म्हणून. नाही सापडल्या.

ऑफिसातून छापील तक्ते यायचे, गुळगुळीत, रंगीत. बाई ते कपाटात उभे करून ठेवायच्या, तोंड भिंतीकडे. त्यांचे तक्ते खाकी कागदावर, पोरांच्या समोर, पोरांच्या तोंडून तयार व्हायचे. डावीकडे ज्या वस्तूबद्दल बोलायचं तिचं चित्र. उजवीकडे जिची उपमा द्यायची तिचं. दोन्हींवर एकेक टाचणी, आणि एका टाचणीपासून दुसरीपर्यंत ताणलेला लाल दोरा. खाली वाक्य, वाक्याखाली पोराचं नाव.

"दोरा कायले, बाई?" पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं.

"उजवीकडल्या वस्तूतून काहीतरी निघते अन् डावीकडलीत जाते," बाई म्हणाल्या. "ते कुठून जाईन? त्याले वाट नको?"

नियम कडक होते. दोन्ही वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या पाहिजेत. एका पोरानं समुद्राची उपमा दिली तर बाईंनी त्याला खाली बसवलं. "तू पाह्यला का समुद्र? नाही ना? मंग त्याच्यातून काय निघीन हे तुले काय माईत?"

अतिशयोक्तीच्या तक्त्याला पोरं 'फेकाफेकीचा तक्ता' म्हणायची. तिथं एक पोट्टा म्हणाला होता, "बाई, मले इतकी भूक लागली का मी बैल खाईन." बाईंनी खडू खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "कोणता बैल?" पोरगं गडबडलं. "कोणाचा हाये तो? त्याले सांगतलं का?" पाच मिनिटांत पोरगं पांढरं पडलं. संध्याकाळी त्यानं घरच्या बैलाला गूळ चारला, असं त्याच्या आईनं मला सांगितलं.

आणि एक 'जीव घालायचा तक्ता' होता. त्यावर खडू रडायचा, खिडकी डुलक्या घ्यायची, वारा खोड्या करायचा. मात्र शाळा सुटायच्या आधी ज्याला जीव घातला त्याला झोपवून जायचं. पोरं रांगेनं खडूला, खिडकीला हात लावून "झोप" म्हणायची आणि दप्तर उचलायची. एकदा दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब येणार म्हणून मुख्याध्यापकांनी घंटा लवकर दिली. त्या दिवशी एका पोरीनं फाटकाला जीव घातला होता. 'आपल्या शाळेचं फाटक उशिरा येणाऱ्यावर रागावतं.' झोपवायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडेना. कुलूप काढलेलं, कडी सरकवलेली, मी आणि दोन बाप्ये धक्के देतोय आणि फाटक जागचं हलत नाही. साहेब बाहेर, आम्ही बाहेर. बाई आल्या. त्यांनी फाटकावर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "फाटक लोखंडाचं आहे." मग बोटानं ढकललं.

मुख्याध्यापक म्हणाले, बिजागरीत गंज होता, आमच्या धक्क्यांनी सैल झाला असेल. असेलही. साहेबांनी मात्र त्या दिवशी कोणालाही उशिराबद्दल विचारलं नाही.

बाईंची खरी रीत निकालाच्या दिवशी दिसायची. त्या दिवशी पोरं प्रगतीपुस्तकाच्या आधी उपमा सोडवायची. ज्यानं जे बांधलं त्यानं ते सोडवायचं; लगेच सोडवलं तर नुसत्या शब्दांनी सुटतं, पण वेळ गेला की दोन्ही वस्तू समोर असल्या पाहिजेत. म्हणून पोरं घरून भाकरी आणायची, झेंडूची फुलं आणायची, एकानं तर म्हशीला अंगणात आणून उभी केली होती. एकेक जण तक्त्यासमोर यायचं, बाई कात्री द्यायच्या, पोरगं दोरा कापायचं आणि म्हणायचं, "भाकरी भाकरी आहे. चंद्र चंद्र आहे." चंद्राच्या पोरीला बाईंनी सकाळी लवकर बोलावलं होतं, मावळतीला चंद्र दिसत होता तेव्हा. सगळे दोरे कापून झाले की तक्ता गुंडाळून कपाटात.

"ही काय भानगड हाये, बाई?" असं मी एकदा खिचडीच्या सुट्टीत, व्हरांड्यात बसलो असताना विचारलं.

बाईंनी ताटातली खिचडी एका कडेला सारली. "मले एक लहान बहीण होती," त्या म्हणाल्या. "सारं गाव म्हणे, मोठीसारखीच हाये, डिट्टो मोठीसारखी. नऊ वर्षांची होऊन गेली ती. ती गेल्यावर आई मले तिच्या नावानं हाक मारे."

"आणि तुम्ही?"

"ओ देत होती. आई होती तवरक दिली." त्यांनी ताट उचललं. "कोणी सोडवलंच नाही ना, सर. लोकायनं बांधलं अन् गेले आपापल्या घरी."

मी माझं ताट धुतलं.

आता माझा भाग. माझं अक्षर चांगलं आहे. हे मी म्हणत नाही, तालुका म्हणतो. बाईंचं अक्षर फक्त बाईंना वाचता यायचं, तेसुद्धा त्याच दिवशी. त्यामुळे वर्गात तयार झालेला कच्चा तक्ता मी शनिवारी शाळा सुटल्यावर नव्या कागदावर उतरवून द्यायचो. चित्रंही मीच काढायचो. या कामात मला आनंद होता, आणि आनंद झाला की मला खोड्या सुचतात.

चौथीत समीक्षा नावाची पोरगी होती. गावाच्या कडेला त्यांची भाजीची वाडी. वांगी, मेथी, मिरची, आणि बाजाराच्या दिवशी केनवडला भाजी विकायला पाल. वाडी सांभाळायचे तिचे आजोबा. त्यांना ती आबा म्हणायची आणि बाकीचं गावही. आबा रोपांमध्ये उभे राहून दोन्ही हात पसरून पाखरं हाकलायचे, आणि बुजगावण्याच्या अंगात आबांचीच जुनी बंडी होती. समीक्षानं वाक्य दिलं, 'आमचं बुजगावणं आबासारखं हात पसरून उभं राहतं.' वर्ग हसला. बाईंनी दोरा बांधला, बुजगावण्यापासून आबांपर्यंत.

शनिवारी मी एकटा वर्गात बसून तक्ता उतरवत होतो. मनात आलं, हे उलट केलं तर जास्त गंमत येईल. मी आबांना डावीकडे काढलं आणि बुजगावण्याला उजवीकडे. आबांच्या बाहीतून कडबा बाहेर आलेला दाखवला. खाली माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'आबा बुजगावण्यासारखे हात पसरून उभे राहतात.' त्याखाली, समीक्षा, इयत्ता चौथी. लाल दोरा ताणून बांधला.

बाई तो आठवडा प्रशिक्षणाला वाशीमला होत्या, आणि परत आल्यावर वर्गात कवितेचा पाठ चालू झाला होता. तक्त्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. समीक्षाचं गेलं. ती तक्त्यासमोर जरा वेळ उभी राहिली आणि काही न बोलता जागेवर गेली. सरांच्या अक्षरात आहे म्हणजे आपण तसंच म्हटलं असणार, असं धरून चालणारी पोरगी.

तक्ता लावल्याच्या नवव्या दिवशी, सकाळी, वांग्याच्या ओळीत उभे असलेले आबा थांबले. पडले नाहीत. थांबले. सुनेनं चहासाठी हाका मारल्या तेव्हा लक्षात आलं. लकवा होता. वाशीमच्या दवाखान्यात ठेवलं, औषधं झाली, घरी आणलं. बोलणं गेलं होतं. दिवसा ते घरात राहिले की घशातून आवाज काढायचे, म्हणून सून त्यांना वाडीत लिंबाखाली खुर्चीवर बसवायची.

समीक्षा शाळेत यायची बंद झाली. बाई आणि मी तिच्या घरी गेलो. पोरगी मागच्या खोलीत कांद्याच्या पोत्यांआड बसली होती.

"आजोबापाशी जातच नाही, बाई," तिची आई म्हणाली. "त्यायच्यासमोर जेवत नाही. दुखण्याले भेली असीन."

बाई पोत्यांजवळ खाली बसल्या. "काहून वं समीक्षा?"

पोत्यांआडून आवाज आला, "मीच केलं ना, बाई. मी म्हटलं तसं झालं. तक्त्यावर हाये. माह्या नावानं हाये."

परत आल्यावर बाई सरळ वर्गात गेल्या, तक्त्यासमोर उभ्या राहिल्या, आणि मला त्यांची पाठ दिसत होती.

"सर. हे असं नव्हतं."

"नव्हतं," मी म्हणालो. "गंमत म्हणून उलटं केलं."

"बरी झाली गंमत."

"बाई, लकवा रक्तदाबानं येतो."

"येतो. मी कुठं नाही म्हणते?" त्या वळल्या. "आबाचं डॉक्टर पाहीन. पोरीचं कोण पाहीन? ती जलमभर हेच घेऊन हिंडन." त्यांनी पिशवीतून कात्री काढून माझ्या हातात दिली. "तिनं बांधलंच नाही तर ती काय सोडवीन. तुमी बांधलं. उद्या दुपारी चला."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वाडीत गेलो. बाईंच्या काखेत गुंडाळलेला तक्ता. ऊन सरळ डोक्यावर होतं, कुठंही सावली हलत नव्हती. आबा लिंबाखाली खुर्चीत होते. त्यांचं मन रमावं म्हणून सुनेनं खुर्चीभोवती ज्वारीचे दाणे टाकले होते. पाखरं येतील, आबा बघतील. दाणे जसेच्या तसे होते. एकही पाखरू आबांच्या जवळ नव्हतं. तीसेक पावलांवर बुजगावणं होतं, आणि त्याच्या मडक्याच्या डोक्यावर दोन साळुंक्या बसल्या होत्या, बाहीवर एक, खांद्यावर एक. पाचवी त्याच्या बंडीच्या खिशात चोच घालत होती.

"कवापासून असं हाये?" बाईंनी विचारलं.

"आबा घरी आले तवापासून," आबांचा मुलगा, समीक्षाचा बाप, म्हणाला. "त्यायच्याजवळ येतच नाहीत पाखरं. अन् तिकडं पाहा."

मी साळुंक्या पुन्हा मोजल्या.

समीक्षाला आईनं हाताला धरून आणलं. ती आईच्या मागे उभी राहिली. बाईंनी तक्ता उलगडून धरला. मी गोष्टी रंगवून सांगणारा माणूस, पण त्या दिवशी माझ्या तोंडातून एकेक शब्द ओढून काढावा लागला.

"समीक्षा, तू असं म्हटलंच नव्हतं. तू म्हटलं होतं, बुजगावणं आबासारखं. आबा बुजगावण्यासारखे, हे मी लिहिलं. तुझं नाव खाली मी टाकलं. मला हसू येत होतं म्हणून."

मुलगा माझ्याकडे बघत होता. सून बघत होती. पोरगी आईच्या मागून बाहेर आली.

"मंग तुमी सांगतलं काहून नाही?" ती म्हणाली. "मी पंधरा दिवस आबापाशी बसली नाही."

मी कात्री दोऱ्याला लावली. दोरा दोनदा पात्यातून सटकला. तिसऱ्यांदा तुटला.

"आबा आबा आहे," मी म्हणालो. "बुजगावणं बुजगावणं आहे."

काही झालं नाही. पान हललं नाही. समीक्षा चालत खुर्चीपाशी गेली, आबांच्या पायाशी दाण्यांतच बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आम्ही सगळे उभे. मग बुजगावण्याच्या बाहीवरची साळुंकी उडाली. जमिनीवर उतरली, चालत चालत जवळ आली, एक दाणा उचलला. दुसरा उचलला. उडून खुर्चीच्या हातावर बसली, आबांच्या बोटांच्या अगदी शेजारी. आबांची नजर हळूहळू तिच्यावर आली. ओठ हलले. घशात काहीतरी घरघरलं.

"हाड," आबा म्हणाले.

साळुंकी उडाली. सुनेनं पदर तोंडात धरला. समीक्षा अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाई, आबा बोल्ला."

डॉक्टर म्हणाले, बोलणं त्याच सुमारास परत यायचं होतं. मी वाद घालत नाही. त्या दुपारी घरात चहा झाला, आबांना बशीतून पाजला, आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. ओझं उतरलं की माझी जीभ सैल सुटते. आबांच्या मुलाला मी रंगात येऊन सांगू लागलो, "काय सांगू भाऊ, मी तर त्या बुजगावण्यासारखा उभा होतो. हात हलेना का पाय हलेना."

सगळे हसले. बाईंनी कप खाली ठेवला.

"सर, ते सोडवा."

"बाई, चहा प्या."

"आत्ता सोडवा. ते समोर हाये तवरक."

"अहो, बोलण्यात आलं. चहा प्या."

बाईंनी चहा प्यायला. दुसऱ्या दिवशी आबांच्या मुलानं ते बुजगावणं उपटलं, आणि आबांच्या आंघोळीचं पाणी तापवायला बंडीसकट चुलीत घातलं.

याला काही वर्षं झाली. आबा आता काठी घेऊन वाडीत फिरतात, सावकाश पण व्यवस्थित शिव्या देतात. समीक्षा हायस्कूलला आहे. रस्त्यात दिसली की सायकल थांबवून म्हणते, "सर, उलटं लिहू नका बरं कोणाचं." आणि हसून निघून जाते. तिच्या हसण्यात काही अडकलेलं नाही, हे मी नीट बघून घेतो. बाई निवृत्त होऊन कारंज्याला पुतण्याकडे राहतात.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणालो, "बाई, ते एक सोडवायचं राहिलं होतं."

"माईत हाये," त्या म्हणाल्या. "बुजगावणं कुठं हाये?"

"जाळलं."

पुतण्याच्या बायकोनं चहा आणला. तो संपल्यावर बाई म्हणाल्या, "दाणे टाकत जा, सर. कोण सांगावं, एखांद्या पाखराले कळीन."

वाचणाऱ्यांनी हवं तर मागं जाऊन बघावं, इतक्या लांब हकिकतीत माझ्या पदरची नवी उपमा एकही नाही. ती सवय मी सोडली. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी अंगणात मूठभर ज्वारी टाकतो आणि खुर्ची घेऊन बसतो. साळुंक्या येतात. कुंपणाच्या भिंतीवर ओळीनं बसतात आणि माझ्याकडे बघतात. मी घरात गेलो की उतरतात, आणि मी खिडकीतून त्यांना दाणे टिपताना बघतो.

परवा मी असाच बसलो होतो. कोवळं ऊन होतं, बरं वाटत होतं, किती वेळ गेला कळलं नाही. बायको डबा घेऊन दारात आली.

"अहो," ती म्हणाली, "हात खाली घ्या ना. कवापासून तसेच बसून हायत."

मी बघितलं. दोन्ही हात खांद्यापर्यंत वर आले होते आणि दोन्हीकडे सरळ पसरलेले होते.